‘हं’ म्हणा

अण्णांचा फोन आला की आधी तोंड रिकामं करायचं. पोहे खात असाल तर घास गिळून घ्यायचा, दात घासत असाल तर चूळ भरून यायचं. कारण अण्णा एकाच अटीवर बोलतात. तुम्ही मधूनमधून ‘हं’ म्हटलं पाहिजे. मान हलवून चालत नाही, अगदी समोर बसला असलात तरी.

“अरे.”

“हं.”

“ऐक जरा.”

“हं.”

“काल रात्री तुमच्या ऑफिसात.”

“हं.”

“कोणी स्विचच्या कपाटात मोबाइल चार्जिंगला लावला होता का?”

एक शब्द, मग दोन, मग चार, मग आठ. मोजून बघा. मला हे लक्षात यायला सहा वर्षं लागली. त्याआधी मी समजत होतो की माणूस जरा अडखळत बोलतो. पण अडखळणारा माणूस कुठेही अडखळतो. अण्णा फक्त तुमच्या ‘हं’पाशी थांबतात. ‘हं’ वेळेवर येत गेले तर पाचव्या-सहाव्या मिनिटाला ते अशा सुसाट वेगाला लागतात की तुम्हाला दम लागावा. आणि मध्येच गॅलरीखालून एखादा टेम्पो हॉर्न वाजवत गेला, तुमचा ‘हं’ पलीकडे पोचलाच नाही, की अण्णा गप्प. दोन सेकंद शांतता. मग हरवलेला शब्द जसाच्या तसा पुन्हा, आणि त्यापुढची गाडी निम्म्या वेगानं.

वहिनी सांगतात, “बघायला आले तेव्हा पहिल्या भेटीत यांनी मला एकच शब्द विचारला. ‘चहा?’ मी हं म्हटलं. दुसऱ्या भेटीत दोन शब्द, तिसरीत चार. चौथ्या भेटीत आठ शब्द बोलले, त्यात लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, आता हो म्हणून टाकावं. पाचव्या भेटीत सोळा ऐकावे लागले असते.”

अण्णा नेटवर्कवाले आहेत. कुठल्या कंपनीत नाहीत. पेठांमधल्या आणि कर्वे रस्त्यावरच्या दहा-पंधरा छोट्या ऑफिसांचं नेट सांभाळतात. खांद्याला रेक्झिनची बॅग. तिच्यात क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर, टॉर्च, चष्म्याच्या दुकानात फुकट मिळतं तसलं मऊ फडकं, रिटायर झालेला टूथब्रश आणि एक लांब वही. वहीला चार रकाने. तारीख, तक्रार, सांगितलेलं कारण, खरं कारण. मी ती वही बऱ्याचदा चाळली आहे. तिसरा आणि चौथा रकाना जुळल्याची एकही नोंद माझ्या पाहण्यात नाही.

आले की बूट काढतात (सर्व्हर रूममध्ये बूट घालून जाणं त्यांना देवघरात जाण्यासारखं वाटतं) आणि एकच प्रश्न विचारतात.

“काय बदललं?”

याला जगात एकच उत्तर आहे. “काहीच नाही.”

अण्णा तिसऱ्या रकान्यात ‘काहीच नाही’ लिहितात आणि खुर्ची ओढून बसतात. काही करत नाहीत. फक्त बसतात. पाच मिनिटांनी एखाद्याला खोकला येतो. “तसं म्हणजे, परवा टेबल थोडं सरकवलं होतं.” अण्णा म्हणतात, “हं.” दुसरा म्हणतो, “आणि टेबलाच्या पायाखाली एक वायर आली होती, पण ती आम्ही ओढून काढली.” अण्णा म्हणतात, “हं.” पोलीस खात्यानं हा माणूस का नेला नाही, मला कळत नाही.

वायरीवरून आठवलं. एका ऑफिसात सगळ्यांना गिगाबिट आणि एकट्या टायपिस्ट बाईंना बरोबर शंभर मेगाबिट मिळायचं. त्या मंडळींनी कॉम्प्युटर बदलला, नंतर बाईंची जागा बदलली, आणि बाई बदलायच्या बेतात होते. अण्णांनी केबल टेस्टरला लावली. आठातली एक तार तुटलेली. शंभराला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक तुटली की दोन्ही टोकांची यंत्रं मुकाट्यानं शंभरावर तडजोड करतात आणि कुणालाही सांगत नाहीत. “संसार,” असं अण्णा म्हणाले आणि नवी क्लिप लावून निघून गेले. तो त्यांचा एका शब्दाचा दिवस होता.

सोसायटीतही त्यांना सुख नाही. लिफ्टमध्ये गाठून लोक विचारतात, “आमच्याकडे पिक्चर पटकन येतो, पण मुलीच्या नाचाचा व्हिडिओ वर जाता जात नाही, असं का?” घराघरांत फायबरच्या ज्या जोडण्या असतात, त्यांतली बरीचशी मुळात तशीच आखलेली असते. एका दोरीवर तीसएक किंवा त्याहून जास्त घरं, त्या सगळ्यांत मिळून खाली यायला अडीच गिगाबिट आणि वर जायला त्याच्या निम्मं. आखणारे धरून चालले होते की माणूस घेतो जास्त, देतो कमी. हे ऐकून लिफ्टमधले काका जरा दुखावतात. मजला आलेला असतो, म्हणून निभावतं.

पण मला सांगायचं आहे ते आमच्या ऑफिसातलं प्रकरण.

आम्ही माहितीपट आणि जाहिराती एडिट करतो. लंडनच्या एका गिऱ्हाइकाचं काम मिळालं तेव्हा मालकांनी एक गिगाबिटची लीज लाइन घेतली. जेवढं खाली तेवढंच वर, कुणाशी वाटणी नाही. लाइन सुरू झाली त्या दिवशी पेढे वाटले. स्पीड टेस्ट लावली तर वर नऊशे चाळीस, खाली नऊशे चाळीस. मालकांनी त्या आकड्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. कोणीतरी म्हणालं, हजार सांगून साठ कमी देतात. ते साठ म्हणजे पॅकेटांच्या पाकिटांचं वजन, पत्ते आणि शिक्के, हे अण्णांनी नंतर सांगितलं. मिठाईच्या वजनात खोका धरतातच.

मग पहिली फिल्म पाठवायची वेळ आली. साठ जीबी. मालकांनी कॅल्क्युलेटर काढला. आठ मिनिटं. “चहा सांगा, चहा येईस्तोवर लंडनला पोचतेय.”

चहा आला. प्यायला गेला. डबे उघडले. डबे घासून झाले. संध्याकाळी पडद्यावर उरलेला वेळ दाखवत होता सव्वीस तास.

ऑफिसात अशा वेळी प्रत्येकाच्या अंगात येतं. एडिटिंगच्या पोरांचं म्हणणं अँटिव्हायरस. हिशेब बघणाऱ्या बाईंचं म्हणणं पाऊस. मालकांचा लंडनवरच संशय. “तिकडचं नेट थर्ड क्लास असणार.” लाइन देणाऱ्यांना फोन लावला तर पलीकडचा मुलगा इतक्या मृदू आवाजात म्हणाला, “सर, आमच्या साइडनं लिंक अप आहे. एकदा राउटर ऑफ करून ऑन करता का?” राउटर ऑफ करून ऑन केला. अपलोड होता तेवढाही तुटला आणि फाइल पुन्हा शून्यापासून सुरू झाली. एका पोरानं सुचवलं की हार्ड डिस्क घेऊन कुणीतरी विमानानंच जावं, आणि आपला पासपोर्ट तयार असल्याचंही सांगितलं. दुसरा म्हणाला, एक गिगाबिटनं भागत नाही, दोनची लाइन घ्या. मालकांनी दोनच्या लाइनचं कोटेशनही मागवलं. तेव्हा मी अण्णांना फोन केला.

अण्णा आले. बूट काढले.

“किती?”

“चार.”

“चार काय?”

“चार एमबीपीएस.”

“बी केवढा?”

इंग्रजीत बी लहान-मोठा असतो. लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट, आणि एका बाइटात बिट आठ. लाइन विकणारे लहान बीनं मोजून देतात, कॉम्प्युटर फाइल मोठ्या बीनं मोजतो. रद्दी विकताना आपला काटा वेगळा आणि रद्दीवाल्याचा वेगळा, त्यातलंच. अण्णांच्या वहीतल्या निम्म्या तक्रारी या आठपटीत मिटलेल्या आहेत. पण आमचा बी लहानच निघाला. गिगाबिटच्या लाइनवर खरोखरच चार मेगाबिट.

“काय बदललं?”

“काहीच नाही,” आम्ही एका सुरात म्हणालो. अण्णांनी वर पाहिलं. भिंतीवर नव्या लाइनची पूजा केल्याचा हळद-कुंकवाचा ठसा होता.

मग ते मोजायला बसले. मुंबईला पिंग केलं, चार मिलिसेकंद. लंडनला पिंग केलं, एकशेतीस. हे दोन आकडे वहीत लिहिले आणि त्यांच्याभोवती चौकट काढली. पिंगबद्दल अण्णांना फार प्रेम. 1983च्या डिसेंबरात माइक म्यूस नावाच्या अमेरिकन गृहस्थानं नेटवर्क असंच रुसलं असताना ते लिहिलं, पाणबुड्या शोधायच्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं. अण्णा त्याच्याबद्दल बोलतात तेव्हा गावातल्या कुणा वैद्याबद्दल बोलावं तसं बोलतात.

नंतर त्यांनी लंडनमधल्या भाड्याच्या मशीनवर आयपर्फ लावला. हा म्हणजे नुसता मोजायचा प्रोग्रॅम. फाइल नाही, डिस्क नाही, फक्त पोकळ माल इकडून तिकडे ढकलायचा. एका धारेनं ढकलला: चार. दहा धारांनी एकदम ढकलला: चाळीस. वीस धारांनी: ऐंशी.

अण्णा हसले. त्यांचं हसू म्हणजे उजवीकडची मिशी थोडी हलते.

“रस्ता मोकळा आहे.”

“हं,” मालक म्हणाले.

“बोळ अरुंद असता तर दहा माणसं सोडा नाहीतर वीस, बाहेर पडणार तेवढीच.”

“हं.”

“इथं दहांची दहापट झाली, विसांची वीसपट. म्हणजे बोळ रुंद आहे, माणूस हळू चालतोय. दोनची लाइन घेऊन तो...”

मालक हं म्हणायचे थांबले होते. ते कोटेशन घडी करून खिशात घालत होते. अण्णा वाक्याच्या मध्यावर उभे राहिले. मीच घाईनं “हं” म्हटलं.

“...तो पळायला लागणार नाही.”

यापुढचं अण्णांनी मला त्याच रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात समजावलं. त्यांच्या पद्धतीनं लिहायचं तर तीन अंक लागतील, म्हणून माझ्या पद्धतीनं लिहितो.

लहानपणी आजी अंधारात गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्यावा लागायचा. आटपाट नगर होतं, हं. तिथं एक राजा होता, हं. हुंकार थांबला की आजी ओळखायची, पोर झोपलं. मग राजाला तिथंच सोडून तीही कूस बदलायची. नेटवरून फाइल जाते ती अशीच. इकडचा कॉम्प्युटर थोडा माल देतो आणि तिकडच्याच्या हुंकाराची वाट बघतो. हुंकार आला की पुढचा माल. एका हुंकाराआधी किती माल द्यायचा, याला त्यांच्यात विंडो म्हणतात.

आता नातू मांडीवर असेल तोवर ही रीत झकास. समजा, आजी पुण्यात आणि नातू लंडनला. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. समुद्राखालून वळसे घेत लंडनला जाऊन हुंकार परत यायला एकशेतीस मिलिसेकंद. म्हणजे सेकंदात साडेसातपेक्षा थोडे जास्त हुंकार. आणि आजी दर हुंकाराला देतेय चौसष्ट केबी. गुणाकार करून बाइटांचे बिट करा.

“चार मेगाबिट,” मी म्हणालो.

“हं,” अण्णा म्हणाले. त्यांना हुंकार द्यायची वेळ क्वचित येते. त्यांना ते आवडलं असावं.

म्हणून स्पीड टेस्ट मुंबईला खोटी बोलत नव्हती. नातू चार मिलिसेकंदांवर, आणि त्यात स्पीड टेस्ट एका तोंडानं बोलतच नाही, अनेक तोंडांनी एकदम बोलते. लंडनची गिगाबिट लाइन भरायची तर पहिला हुंकार परत यायच्या आत सोळा एमबी माल वाटेत असला पाहिजे. आजीनं निम्मी गोष्ट सांगून टाकायची, तिकडे हं झालं असेल या भरवशावर. मी विचारलं, मग खाली येणारं नेट इतकं पळतं कसं? अण्णा म्हणाले, आपण बघतो ते पिक्चर लंडनहून येतात कुठे? ते मुंबईतच साठवून ठेवलेले असतात. वर जाणारा माल मात्र ज्याच्या त्याच्या घरापर्यंत चालत जावा लागतो.

“पण चौसष्टच का?” मी.

इथं वहिनींनी पोळ्यांचा गॅस बारीक केला, कारण त्यांना ठाऊक होतं की आता वेळ लागणार. हा पत्रव्यवहार ज्यांनी 1981 साली कागदावर बसवला, त्यांनी विंडो लिहायला सोळा बिटांची चौकट ठेवली. सोळा बिटांत पासष्ट हजारांच्या वरचा आकडा मावत नाही. तेव्हा तेवढा माल म्हणजे डोंगर वाटत होता. पुढे तारा रुंद झाल्या, चौकट तेवढीच. 1992 साली तोड निघाली. चौकट न मोडता, संभाषणाच्या अगदी सुरुवातीला, नमस्कार-चमत्काराच्या वेळीच दोघांनी ठरवून घ्यायचं की माझा एक म्हणजे एकशे अठ्ठावीस समज. बस्स. पण हे फक्त नमस्काराच्या वेळी. तेवढी एक कुजबुज वाटेत कुणी गिळली, तर पुढचं सगळं संभाषण चौसष्टावर.

“मग गिळली कोणी?”

अण्णांनी पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, “उद्या.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप थेट लाइनला लावला, मधला फायरवॉल वगळून. चारावर अडकलेला काटा वीसच्या आसपास खेळायला लागला. चोर सापडला. आमच्या फायरवॉलमध्ये एक ओळ होती, अनोळखी कुजबूज दिसली की खोडून टाक, अशा अर्थाची. फायरवॉल मधल्या काळात दोनदा बदलला, पण जुन्याची यादी नव्यात उतरवताना ही ओळ दरवेळी बरोबर आली, सासूच्या पितळी डब्यांसारखी. ओळीच्या शेवटी इंग्रजी लिपीत एक शेरा होता: ‘तात्पुरते’.

मालक उसळले. “कोण गाढवानं हे लिहिलंय?”

अण्णांनी बॅगेतून जुन्या वह्यांपैकी एक काढली. पानं उलटली. अकरा वर्षांपूर्वी, कुठल्याशा बँकेची साइट उघडत नव्हती म्हणून केलेली ती सोय. अक्षर ओळखीचं होतं. अण्णांनी आजची वही उघडली, चौथ्या रकान्यात ‘मी’ लिहिलं, आणि शांतपणे ती ओळ काढून टाकली. मालकांनी चहा सांगितला. दुसरं काय करणार?

खरं तर इथं कुणीही थांबलं असतं. चाराचे वीस झाले, पाचपट. मालक स्टेटस बदलायला निघाले होते. पण अण्णा वीसकडे असे बघत होते, जसा सोनार गिऱ्हाइकानं आणलेल्या बांगडीकडे बघतो.

“आता हुंकार चुकतोय,” ते म्हणाले.

वाटेत कुठेतरी पॅकेट हरवत होतं. फार नाही, दहा हजारांत एखादं. मला वाटलं, दहा हजारांत एक म्हणजे काय, एवढी गळती पिंपातही असते. पण एक हरवलं की पाठवणारा दचकतो, वेग खाली आणतो आणि मग हुंकार मोजत पुन्हा हळूहळू वर चढतो. मुंबई जवळ, तिथं हुंकार पटापट येतात, तो लगेच सावरतो आणि कुणाला कळतही नाही. लंडनला सावरेसावरेपर्यंत दुसरं हरवतं. मॅथिस आणि मंडळींनी 1997 साली याचं गणितच मांडलं आहे: अंतर वाढलं की वेग त्याच प्रमाणात खाली, आणि गळतीच्या वर्गमुळानं आणखी खाली. तीच गळती गल्लीत सोसते आणि परदेशी बुडवते.

अण्णांनी लाइनवाल्यांच्या मृदू आवाजाच्या मुलाला फोन लावला. स्पीकरवर.

“सर, आमच्या साइडनं लिंक अप आहे.”

“एरर.”

“सर?”

“एरर बघ.”

“हां सर.”

“तुझ्या पोर्टवर आत येणारे.”

“हां सर, बघतो.”

“आमच्याकडून वर जाणारा माल तुझ्याकडे फाटका येतोय का?”

बराच वेळ शांतता. हुंकार नाही. अण्णांनी तीच विचारणा पुन्हा केली, शब्द तेच. मग पलीकडून एकदम माणसाचा आवाज आला, म्हणजे कॉल सेंटरचा नव्हे. “काका, आकडा वाढतोय. मी बघतोय तोवर वाढतोय.”

अण्णा बूट घालून तळमजल्यावर गेले. फायबरच्या जोड तारेपैकी वर जाणाऱ्या तारेचं टोक काढलं. पोरं वाकून बघायला लागली तर गरजले, “डोळा नको! लेझर आहे.” (हे चार शब्द त्यांनी एकदम, कुणाच्या हुंकाराची वाट न बघता उच्चारले. आमच्या ऑफिसात त्याची अजून आठवण काढतात.) त्या काचेतली प्रकाशाची वाट नऊ मायक्रॉनची, माणसाच्या केसाच्या कितीतरी पट बारीक. त्यावर धुळीचा एक कण बसला तरी दारात म्हैस बसल्यासारखं होतं. आणि ज्या दिवशी लाइन आली, त्या दिवशी मालकांनी पूजा केली होती. अण्णांनी चष्म्याचं फडकं परत ठेवलं, फायबरचं खास, धागे न सोडणारं कापड काढलं, टोक पुसलं, कापड उजेडात धरलं. त्यावर एक अगदी बारीक, लालसर ठिपका होता.

ते काही बोलले नाहीत. वर येऊन वहीत ‘मी’च्या खाली ‘कुंकू’ असं लिहिलं.

काटा सातशेवर जाऊन स्थिरावला. चहा यायला जरा उशीरच झाला, फिल्म आधी पोचली. अण्णांनी बिल दिलं. पहिली ओळ: टोक साफ करणे, तीनशे रुपये. दुसरी ओळ: स्वतःची चूक दुरुस्त करणे, शून्य रुपये. दोनच्या लाइनचं कोटेशन मालकांच्या खिशातून धोब्याकडे गेलं.

विमानानं जायला निघालेला पोरगा हिरमुसला होता. त्याचं समाधान करायला अण्णांनी त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या कबुतराची हकीकत सांगितली. 2009 साली तिथल्या एका कंपनीनं विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला चार जीबीचं कार्ड बांधून सुमारे ऐंशी किलोमीटरवर डर्बनला सोडलं. कबुतर पोचलं, कार्डावरचा माल उतरवून घेतला, तोवर नेटवरून त्याच मालाचे शंभरातले चारच भाग गेले होते. पोरगं म्हणालं, “म्हणजे माझं बरोबर होतं.” अण्णा म्हणाले, “कबुतरानं पासपोर्ट मागितला नव्हता.”

अण्णांना लोक खडूस म्हणतात. मीही म्हणत असे. त्यांच्यासमोर “नेट स्लो आहे” हे वाक्य उच्चारायची सोय नाही. कुठून कुठे स्लो, कधीपासून, वर का खाली, एकाला का सगळ्यांना, अशी सरबत्ती होते आणि आपल्या लक्षात येतं की आपल्याला यातलं काहीच माहीत नाही, आपल्याला नुसतं कण्हायचं होतं. दवाखान्यातही ते असेच. आमच्या डॉक्टरांनी गर्दी वाढली म्हणून बाहेर आणखी चार बाकं टाकली तेव्हा अण्णा कंपाउंडरला म्हणाले, “बाकं वाढवून डॉक्टर लवकर तपासत नाही, पेशंट जास्त वेळ बसतो एवढंच.” राउटरांनाही हाच रोग असतो. आत येईल तेवढा माल बाकावर बसवून ठेवायचा, कुणाला परत पाठवायचं नाही. मग एकानं मोठी फाइल वर चढवायला घेतली की घरातल्या बाकीच्यांचे फोन रडायला लागतात. जिम गेटिस यांनी या रोगाला बफरब्लोट असं नाव दिलं. कंपाउंडरनं ते ऐकून घेतलं आणि अण्णांना शेवटचा नंबर दिला.

त्यांच्या बोलण्याचा उलगडा मला झाला तो फिल्म गेली त्या संध्याकाळी. मी विचारलं, हे वेग वाढवायचं, दचकायचं, खाली यायचं कुणी ठरवलं? अण्णांनी चष्मा काढला. ते सत्यनारायणाची कथा सांगायच्या आविर्भावात बसले. 1986चा ऑक्टोबर. कॅलिफोर्नियात बर्कलीला एक प्रयोगशाळा आणि तिच्यापासून चारशे यार्डांवर विद्यापीठ. म्हणजे आमच्या ऑफिसापासून कोपऱ्यावरच्या अमृततुल्यपर्यंत. दोघांमधल्या तारेवर सेकंदाला बत्तीस हजार बिट जायचे, ते एका दिवशी आले चाळिसावर. चाळीस हजार नव्हे, चाळीस. सेकंदाला पाच अक्षरं. आमची एडिटिंगची पोरं याहून जलद टाइप करतात. तार शाबूत, यंत्रं शाबूत. झालं एवढंच होतं की हुंकार उशिरा आला की प्रत्येक जण तेच पुन्हा ओरडून सांगत होता, आणि सगळे एकदम ओरडत असल्यामुळे कुणाचंच पोचत नव्हतं. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय शोधला आणि 1988 साली लिहून काढला. सुरुवातीला थोडंच बोला. हुंकार आला तर दुप्पट बोला. हुंकार चुकला तर समजा की समोर गर्दी आहे. आवाज चढवू नका, वेग कमी करा.

मी अण्णांकडे बघत राहिलो.

“हं?” ते म्हणाले. मी हुंकार द्यायचा विसरलो होतो.

“अण्णा, तुम्ही हे कधीपासून करता?”

“काय?”

ते खरोखरच बुचकळ्यात पडले होते. वहिनी आतून म्हणाल्या, “त्यांना विचारू नका. त्यांना वाटतं सगळे असेच बोलतात.”

गेल्या महिन्यात अण्णांची साठी झाली. मुलानं छोटा हॉल घेतला होता. पन्नास-साठ माणसं, त्यात तो मृदू आवाजाचा मुलगाही होता, अण्णांनी आवर्जून बोलावलेला. औक्षण झालं, सुपाऱ्या झाल्या, आणि कुणीतरी म्हणालं, अण्णा, दोन शब्द बोला. माइक हातात दिला.

अण्णा उभे राहिले.

“मंडळी,” ते म्हणाले.

आणि थांबले. समोर साठ माणसं सभ्यपणे शांत बसून ऐकत होती. भाषणात कोण हुंकार देतो? अण्णांनी वाट पाहिली. “मंडळी,” ते पुन्हा म्हणाले. हॉलमध्ये पंखे फिरत होते. मागच्या रांगेत कुजबुज झाली, भरून आलंय त्यांना. तिसऱ्यांदा ते नुसतेच तोंड उघडून उभे राहिले तेव्हा पहिल्या रांगेतून, शालूचा पदर सावरत, वहिनी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“हं!”

“आभारी आहे.”

“हं,” वहिनी आणि मी.

“तुम्ही सगळे इतक्या लांबून.”

आता मृदू आवाजाचा मुलगाही सामील झाला, मग एडिटिंगची पोरं, मग मालक. सोळा शब्दांच्या वाक्याला निम्मा हॉल हं म्हणत होता, बत्तिसाच्या वाक्याला म्हाताऱ्या आत्याबाईही. अण्णांना आम्ही असं कधी ऐकलं नव्हतं. पहिली केबल, पहिलं बिल, बँकेची साइट, कुंकू, कुठल्या कुठे निघाले होते ते, स्वल्पविरामालाही थांबत नव्हते, आणि वाक्य थेट वहिनींपाशी येऊन पोचत होतं, “आणि हिनं जर त्या चौथ्या भेटीत मला...”

तेवढ्यात गुरुजींचा मोबाइल वाजला. मोठ्यानं. आमचा हं त्यात बुडाला.

अण्णा थांबले. दोन सेकंद गेले. मग त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला आणि हरवलं होतं तिथून, निम्म्या वेगानं, पुन्हा सुरू केलं. “आणि हिनं.”